दिवसाला एक गोळी, मी घेतल्या तीन

केस उगवण्याच्या गोळ्या दिवसाला एक घ्यायच्या होत्या. मी तीन घेतल्या.

कारण उमरेडला मुलगी पाहायला जायचं होतं, आणि हातात बाराच दिवस होते. कंगव्यात रोज जेवढे केस यायचे तेवढेच आता डोक्यावर उरले होते.

लकडगंजातल्या जडीबुटीवाल्यानं दोन इलाज पुढे ठेवले होते, लावायचं तेल आणि खायची गोळी. मी खूप विचार केला. तेलाला कुजक्या लसणासारखा वास. वहिनीनं शेजारपाजारी डंका पिटला असता. गोळी पोटात गेली की कोणाला दिसते? म्हणून गोळीच जास्त सुरक्षित, असं मी ठरवलं. सुरक्षित म्हणजे कोणापासून, हा प्रश्न मला पडलाच नाही.

चौथ्या दिवशी तोंड सुजलं, हात कापायला लागले, छातीत धडधड. वहिनीनं रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं.

"काय खाल्लं?"

"समोसा."

वहिनीनं माझ्या खिशातून बाटली काढून टेबलावर ठेवली. "भाऊजी, हा समोसा काय?"

डॉक्टरांनी गोळी फोडून पाहिली. "यात काय आहे, विकणाऱ्याले तरी ठाऊक आहे का? तेल लावलं असतं त डोकं खाजलं असतं, धुऊन टाकलं असतं. तेही थोडं आत जातेच, अगदी साधं समजू नको. पण हे त सारंच आत गेलं. तुले आता नळाखाली धरू का गा?"

सूज उतरली, पण पुरती नाही. तशाच तोंडानं उमरेडच्या एसटीत बसलो. वाटेत वहिनीला हात जोडले, तिथं काही बोलू नको म्हणून. पोहे यायच्या आत तिनं सगळं सांगून टाकलं, रोजच्या तिन्ही गोळ्यांसकट. "लपवून सोयरीक नाही कराची बापा," हे वर.

मुलीचे वडील छताकडे पाहत राहिले. आता उठायचंच, असं धरून मी चपला कुठे काढल्या ते आठवू लागलो. तेवढ्यात त्यांनी रीतीप्रमाणे मुलीला विचारलं, "तुले काही विचाराचं आहे का वं?"

गेली कित्येक वर्षं जी माझ्या टकलाला खोबरेल चोळते आहे, तिनं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. हसू दाबत म्हणाली,

"केस त जाऊनच राहिले होते. अक्कल काहून जाऊ देली?"