बाई भावुक झाल्या

आमच्या लेडीज होस्टेलच्या रेक्टरबाईंना कुणी मावशी म्हटलेलं खपायचं नाही. काकू नाही, आक्का नाही, आई तर नाहीच नाही. कोल्हापुरात हे अजबच. इथे रिक्षावाला बसणाऱ्या बाईला मावशी करतो, भाजीवाली गिऱ्हाइकाला ताई करते आणि अनोळखी माणूस पहिल्याच वाक्यात पावणा होतो. ब्याण्णव-त्र्याण्णवचा जून असेल. वडील मला ट्रंकेसकट होस्टेलच्या व्हरांड्यात सोडून एसटी गाठायला गेले, आणि मी घाबरत घाबरत विचारलं, "मावशी, माझी खोली कुठली?" बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुझ्या आईची बहीण हाय व्हय गं मी? हितली रेक्टर हाय. बाई म्हण, न्हायतर मॅडम म्हण. मावशी म्हणून हाक मारलीस तर सांजपातूर हितंच हुभी ऱ्हाशील." मी रडत रडत ट्रंक उचलली. पहिले काही महिने मला ही बाई डोळ्यांसमोर नको होती.

बाई मूळच्या गडहिंग्लजच्याही पलीकडच्या, पार सीमेलगतच्या गावच्या. घर लिंगायत, वडिलांचं भुसारी दुकान, घरात निम्मं कानडी आणि निम्मं मराठी. लग्न झालं होतं, पण ते टिकलं नाही. त्याबद्दल त्या बोलत नसत आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. राग अनावर झाला की कानडी बाहेर पडायचं. "सुम्न कूड!" म्हणजे गप्प बैस. अख्ख्या होस्टेलला कानडी येत होतं ते एवढंच. होस्टेल कळंब्याच्या तुरुंगाच्या रस्त्याला, म्हणून गावातली पोरं आम्हाला चिडवायची, की कळंब्याला जेल एक नाही, दोन आहेत. हे बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आसंना का. हितनं सुटताना पदवी मिळती म्हणावं."

सुट्टी मागायला गेलं की बाईंचा दरबार भरायचा. नेमकी परीक्षा जवळ आली की मुलींना दत्तभक्ती सुचायची आणि नृसिंहवाडीला जायचं निघायचं. बाई अर्ज पूर्ण वाचून घ्यायच्या. मग म्हणायच्या, "दत्त म्हाराज हाईत तितंच हाईत. ते काय फुडच्या पौर्णिमेला गाव सोडून जात न्हाईत. पेपर जातोय." अर्ज परत. त्यांच्यावर चिडून आम्ही खोलीत जायचो आणि दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळे अभ्यासाला बसायचो.

बाई मावशी का होत नव्हत्या, ते मला सुशीलामुळे कळलं. सुशीला माझ्या शेजारच्या खोलीतली, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. ऐन परीक्षेत तिचा चुलता जीप घेऊन आला. तिला बघायला पाहुणे येणार होते. बाईंनी त्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, "पावणं, पोरगी मिळायची न्हाय."

"आमची पोरगी हाय, बाई. आज न्हेतो, उद्या आणून सोडतो."

"परवा तिचा फिजिक्सचा पेपर हाय. आनि आज गेली की ती परत येत न्हाय, हे तुमास्नी बी ठाव हाय आनि मला बी."

चुलता चिडला. "तुमाला आईचं काळीज हाय का न्हाय?"

"न्हाय," बाई म्हणाल्या. "आईचं काळीज तिच्या आईला हाय की. ती काय करणार, सांगा बघू? पदरानं डोळं पुसणार, आनि तुमी म्हणशीला तिकडं पोरीला पाठवणार. मी आई न्हाय म्हणून तर मला न्हाय म्हणाय येतंय. मी रेक्टर हाय. पेपर संपल्याबिगार गेट उघडायचं न्हाय."

जीप रिकामी गेली. चुलता जाताना काय काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. सुशीलानं पेपर दिले, पुढचं वर्षही पुरं केलं, आणि आज ती एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. त्या दिवशी आम्ही सगळ्या जिन्यात उभ्या राहून ऐकत होतो. मला त्यानंतर बाईंना मावशी म्हणावंसं कधी वाटलं नाही.

आता आमच्या कॉलेजातल्या सत्कारांविषयी सांगते, कारण तिथूनच माझं डोकं फिरायला सुरुवात होते. दरवर्षी संस्थापक दिनाला 'उत्कृष्ट प्राध्यापक' आणि 'उत्कृष्ट सेवक' असे पुरस्कार असतात. फेटा, शाल, श्रीफळ, मानपत्र. हे पुरस्कार मागून घ्यायचे असतात. म्हणजे आपण किती थोर आहोत याचा प्रस्ताव आपणच करायचा, स्पायरल बाइंडिंग करून ऑफिसात द्यायचा, आणि नाव जाहीर झालं की स्टेजवर जाऊन 'हे मला अगदी अनपेक्षित होतं' असं सांगायचं. ऑफिसातले एक साहेब वर्षाआड उत्कृष्ट सेवक व्हायचे. दुपारी जेवून ते जे झोपायचे ते चहाला उठायचे. पण ते संस्थेच्या अध्यक्षसाहेबांचे मेव्हणे, त्यामुळे झोपही उत्कृष्टच. बाई मागच्या रांगेत मुलींबरोबर बसून टाळ्या वाजवायच्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "टाळ्या जोरात वाजवा गं. जागं व्हायला पायजेत ते."

एम.ए. करून मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले, तेव्हा एक गोष्ट कळली आणि मी हबकले. बाई इतकी वर्षं हंगामी होत्या. दर जूनला त्यांना अकरा महिन्यांची ऑर्डर मिळायची. मे महिन्यात त्या कुणीच नसायच्या. बोचकं बांधून मंगळवार पेठेत बहिणीकडे जायच्या आणि पुन्हा ऑर्डर येईल का याची वाट बघायच्या. रेक्टरचं पद मंजूर व्हायला संस्थेला तसा प्रस्ताव वर सरकारकडे पाठवावा लागतो. तो कुणी पाठवलाच नव्हता. झोपणाऱ्या मेव्हण्यांचं पद मंजूर होतं. ज्या बाईनं शेकडो मुलींच्या बापांशी आणि चुलत्यांशी भांडून त्यांना पदवीपर्यंत नेलं, तिचं पदच कागदावर नव्हतं.

"तुम्ही बोलत का नाही?" मी विचारलं.

"बोलतेय की. ह्या वर्षी करतो म्हणालेत." दरवर्षी हेच उत्तर. एरवी होस्टेलच्या गेटपर्यंत ऐकू जाणारा त्यांचा आवाज हे सांगताना बारीक व्हायचा. "आगं, रिटायर व्हायच्या आत एकदा कायम व्हायचंय मला. दुसरं काय नगं. मेल्यावर लोकांनी म्हणाय पायजे, ती रेक्टर होती. रेक्टरचं काम बघत होती, असं न्हाय."

एकदा त्या थेट अध्यक्षसाहेबांच्या बंगल्यावर जाऊन बसल्या. साहेबांनी चहा पाजला आणि सांगितलं, "बाई, तुम्ही तर घरच्याच. तुम्हाला ऑर्डर कशाला पाहिजे? मुलींची आई तुम्ही. आई कधी हंगामी असते का?" हे बाईंनी मला त्याच संध्याकाळी सांगितलं. "पोरींस्नी मी आई म्हणू दिलं न्हाय," त्या म्हणाल्या, "आनि ह्यो बाबा मला चहा पाजून आई करतोय." मला आजही ते वाक्य आठवलं की अन्न गोड लागत नाही. किती सोयीचं आहे बघा. बाईमाणसाला आई म्हटलं की पगारश्रेणी द्यायला नको, पेन्शन नको, पाटी नको. कौतुक फुकट मिळतं आणि ते करताना आपण सज्जनही दिसतो.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. विद्यापीठाची समिती कॉलेज बघायला येणार होती आणि समितीला मुलींच्या शिक्षणाचं काम दाखवायचं होतं. अचानक संस्थेला बाई आठवल्या. त्या संस्थापक दिनाचा खास 'उत्कृष्ट सेवा सन्मान' बाईंना जाहीर झाला. बाईंनी प्रस्ताव दिला नव्हता, स्पायरल बाइंडिंग केलं नव्हतं. आम्हाला वाटलं, आता स्टेजवरच कायम केल्याचं सांगणार. बाईंनाही तसंच वाटलं असणार, कारण त्या दिवशी त्या ठेवणीतलं इरकल नेसून आल्या होत्या. जुन्या मुली गावोगावहून आल्या. सुशीला आली, कडेवर पोरगं घेऊन.

फेटा बांधला, शाल पांघरली. मग मराठीच्या विभागप्रमुखांनी मानपत्र वाचलं. मातृहृदयी. वात्सल्यमूर्ती. निरपेक्ष सेवा. आईच्या मायेनं लेकींना पंखाखाली घेणारी माउली. शब्दांमागून शब्द येत होते आणि पदाचा शब्द येत नव्हता. मी बाईंकडे बघत होते. त्या 'निरपेक्ष'ला एकदा मान हलवून नाही म्हणाल्या, पण ते कुणी बघितलं नाही. सत्काराला उत्तर द्यायला त्या माईकपाशी आल्या.

"साहेब, ह्या मानपत्रात चूक झालीया," त्या म्हणाल्या. "मी कुणाची आई न्हाय. ह्या पोरींस्नी जिची तिची आई हाय, गावाकडं राबतीया. मी रेक्टर हाय. आनि निरपेक्ष बी न्हाय. मला अपेक्षा हाय. कायम करा म्हणून मी केस पांढरं हुईपातूर अर्ज दिल्यात, ती अपेक्षाच हाय की. शाल र्‍हाऊ द्या. थंडी न्हाय मला. ऑर्डर द्या."

 मागून मुलींनी टाळ्या सुरू केल्या. पहिल्या रांगेतले लोक एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं, आता तरी लाज वाटेल. पण अध्यक्षसाहेब हसत उठले, त्यांनी बाईंच्या खांद्यावरून घसरलेली शाल पुन्हा नीट केली आणि माईक स्वतःकडे ओढला. "बाई भावुक झाल्या," ते म्हणाले. "आईचं काळीज हे असंच असतं." आणि लोक हसले. समितीतले पाहुणे हसले, प्राचार्य हसले, मानपत्र वाचणारे हसले. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. एका बाईनं भरसभेत हक्क मागितला, आणि ह्या माणसानं दोन वाक्यांत त्याचा जिव्हाळा करून टाकला. मला आयुष्यात इतकी चीड कधी आली नव्हती.

पुढच्या जूनमध्ये ऑर्डर निघालीच नाही. काढून टाकलं असंही कुणी म्हणालं नाही. नेमणूकच संपलेली, त्यामुळे काढायला उरलं काय? भांडायला जावं तर भांडण कुणाशी करायचं तेही कळू नये अशी व्यवस्था होती. मी ऑफिसात विचारायला गेले तर मेव्हणेसाहेब डोळे चोळत म्हणाले, "मॅडम, त्यांचा सन्मान झाला की. अजून काय पाहिजे?" मी टेबलावर हात आपटला. त्याचा एवढाच उपयोग झाला, की ते पूर्ण जागे झाले.

मंगळवार पेठेत बहिणीच्या माडीवर मी बाईंना भेटायला जायची. मी रडायला लागले की त्या वैतागायच्या. "सुम्न कूड. चीड आली आसंल तर ऱ्हाऊ दे ती, उपेगाला येती. रडून काय मिळतंय?" मग होस्टेलची चौकशी. कुणाचा बाप येऊन गेला, कुणाला नेलं, नवी रेक्टर गेट उघडते का. एकदा मी सांगितलं, की एका मुलीला तिच्या घरच्यांनी परीक्षेआधी नेलं आणि ती परत आली नाही.  बाईंनी विचारलं, "ती नवी बाई कायम हाय का?" मी म्हटलं, नाही, अकरा महिन्यांवरच आहे. "मग ती कशाच्या जिवावर न्हाय म्हणंल?" त्या म्हणाल्या. "चुलता जाऊन साहेबाच्या कानाला लागला की हिची ऑर्डर गेली. तिला नगं दोष देऊस." तोवर मी हे सगळं बाईंच्या मानापमानाचं समजत होते. ते त्या मुलीचंही होतं, हे मला तेव्हा कळलं.

बाई पुढे फार दिवस काढू शकल्या नाहीत. किडनीचं दुखणं निघालं आणि पावसाळा संपता संपता त्या गेल्या. कॉलेजनं शोकसभा घेतली. अध्यक्षसाहेबांनी आवाज कापरा करून 'संस्थेची माउली हरपली' असं सांगितलं. शोकसभेत कुणी भांडत नाही. श्रद्धांजलीचे दोन शब्द बोलायला मला उठवलं आणि मी विचारलं, "रेक्टरचं पद मंजुरीला कधी पाठवणार?" साहेब अगदी समजुतीनं म्हणाले, "मॅडम, ही वेळ नव्हे."

मग वेळ कुठली, हे मी प्रत्येक स्टाफ मीटिंगमध्ये विचारत आले आहे. अजेंडा संपला की आयत्या वेळच्या विषयांत मी हात वर करते, आणि आजूबाजूचे लोक आपापल्या पिशव्या आवरायला लागतात. पद अजून मंजूर झालेलं नाही. होस्टेलवर तिसरी रेक्टर आली आहे, तीही अकरा महिन्यांवर. परवा ऑफिसातून निरोप आला, की यंदाच्या उत्कृष्ट प्राध्यापक पुरस्कारासाठी साहेबांनी स्वतः माझं नाव सुचवलंय, प्रस्तावाचीही गरज नाही. हे माझा वर केलेला हात खाली आणायला, ते मी ओळखलं, आणि होकार कळवून टाकला. सत्काराला उत्तर द्यायला दोन मिनिटं मिळतात. मला तेवढी पुरतात.