बिरोबाच्या रानातले खड्डे

दाजींचा निरोप आला आणि मी फुशारलो. घनसावंगीपलीकडे त्यांच्या गावाशेजारी बिरोबाचं जुनं रान आहे, देवाची राखलेली झाडी. यात्रेच्या गाड्या उभ्या करायला ते सपाट करायचं गावाच्या मनात होतं, आणि दाजींनी माझं नाव पुढं केलं होतं. तीन वर्षांमागं उतारावरच्या बाभळी मुळासकट काढून, माती ओढणारी बैलांची केणी फिरवून मी माझं शेत तळहातासारखं केलं, हे मीच जगभर सांगत फिरलो होतो. पुढं काय झालं ते मात्र कुणाला सांगितलं नव्हतं.

जालन्याहून अंबडपर्यंत मोटारीनं गेलो. जाणाऱ्यांनी निजामाचा हाली सिक्काच जवळ ठेवावा, इंग्रजी कलदार रुपया मोडून द्यायला ड्रायव्हर कुरकुरतो. पुढं बैलगाडी आणि धूळ. भाकरी-ठेचा घरून न्या, पाणी घनसावंगीत भरून घ्या.

चैत्र लागला होता. बाहेरच्या काळ्या शेतांना पाय अडकेल एवढ्या भेगा, आणि दाजींबरोबर आत झाडीत शिरलो तर पायाखाली सगळा चढउतार. इथं खड्डा, तिथं उंचवटा. मी मनात बैलजोड्यांचा हिशेब करू लागलो.

रानाची राखण दाजींच्या आत्याकडे, राहीबाईंकडे; त्याही बरोबर होत्या. इथं पडलेल्या झाडाची काडीसुद्धा कुणी चुलीत घालत नाही. एक चिंच आडवी झाली होती. तिची मुळं माणसाहून उंच भिंतीसारखी उभी, आणि मुळांत खालचा पांढरा चुनखडीचा मुरूम वर आलेला.

"झाड पडलं का बिरोबाची नांगरट होती," आत्या म्हणाल्या. "हात घाल त्या खड्ड्यात."

पाचोळ्यात हात कोपरापर्यंत गेला. चैत्रात गार ओल. शेजारच्या जुन्या उंचवट्यावर करंजाची रोपं दाटलेली.

"हे उंचवटेबी पडलेली झाडंच हायेत," आत्या म्हणाल्या. "खोड कुजलं, माती ऱ्हायली."

मी तिथंच बसलो. माझ्या सपाट शेतात पाणी अडवायला एक खड्डा उरला नव्हता, आणि माती दर पावसाळ्यात ओढ्याला जात होती. ते आता बोलायला हवं होतं. दाजी केणी कुठून सुरू करायची ते विचारत होते.

"दाजी, हे करू नका. माझं शेत वाहून चाललंय."

"मंग आधी का न्हाई सांगितलंस? मी गावाला जबान दिलीय."

"लाज वाटली."

दाजी मुळांच्या भिंतीपर्यंत जाऊन परत आले. मग म्हणाले, "गाड्या माझ्या पडीक रानात लावू. पर चावडीवर हे तूच सांगायचं." सांगितलं. लोक हसले. 

पुढच्या पावसात माझ्या बांधावरचा एकुलता एक लिंब मुळासकट कोसळला. बायको म्हणाली, "हा कवा उचलता? लोकं नावं ठेवून राह्यलेत."

"ऱ्हाऊ दे," मी म्हणालो. "खड्ड्यात बघ, पाणी थांबलंय."