घर तिकडं हाय

मुखेडकडच्या एका शाळेत मी खेळाची मॅडम होते. पोरींना रग्बी शिकवते म्हटलं की लोक विचारायचे, "हे काय नवीन खूळ?" खूळच म्हणा. चेंडू द्यायचा मागच्या पोरीला अन् पळायचं मात्र पुढं, समोरच्या टोकाच्या रेघेपलीकडं चेंडू टेकवला की गुण, हे समजावता समजावता माझा घसा बसला. त्यात दुष्काळाचं वर्ष. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, तिथं आमच्या मैदानावर शिंपडायला कोण देणार? पडलं की कातडं गेलंच.

माझ्या सगळ्या पोरी कबड्डीतल्या. समोरचीला हात लावायचा अन् मधली रेघ ओलांडून घरी पळायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. त्यातली दहावीची एक तर लई पळायची. पण कबड्डीत तिचा दम तुटायचा म्हणून तिला संघातून काढलेलं. शाळेचं शेवटचं वर्ष, खेळायला आता रग्बीच काय ती उरलेली. अन् ही बया काय करायची? समोर कुणी आलं की खांदा लावायची अन् चेंडू घेऊन गर्रकन उलटी फिरायची!

"अगं बये, कुठं चाललीस?"

"घरी, मॅडम!"

डोकंच फिरलं माझं. "लातूरच्या सामन्यात एकदा जरी उलटी फिरलीस तर बाहेर बसवीन," असं बजावलं. तिनं मान खाली घातली. मग मलाच गलबलून आलं.

मैदानाच्या टोकाला शाळेची भिंत. तिच्यावर कुणीतरी रंगवलेलं, 'नवा जिल्हा झालाच पाहिजे'. त्या पोरीला तिकडं तोंड करून उभी केली. म्हटलं, "आजपासून आपलं घर तिकडं हाय. सरळ जायचं."

"मधी कुणी आलं तर?"

"घुसायचं. पाय थांबवायचे न्हाईत."

"घर बदललं म्हणा की!" ती खुदकन हसली. तेव्हापासून सगळ्याजणी 'झालाच पाहिजे' ओरडत भिंतीकडं सुटायच्या.

लातूरला सामना संपत आलेला, बरोबरी. चेंडू तिच्याकडं आला. एक दांडगी पोरगी आडवी आली. हिनं खांदा लावला अन् हिचा पाय मागं वळला. नको गं माय, नको! तेवढ्यात बाहेर बसलेल्या आमच्या पोरी एका सुरात ओरडल्या, "झालाच पाहिजे!" मोर्चा आला की काय, म्हणून लोक वळून बघायला लागले. हिनं पाय सरळ केला अन् घुसली. कमरेला लोंबकळणाऱ्या त्या दांडगीला ओढतच रेघेपलीकडं गेली, चेंडू जमिनीला टेकवला अन् तिथंच आडवी झाली. उठेना.

धावतच गेले. हाडबिड मोडलं असलं तर? कोपरं सोललेली, तोंडभर धूळ. डोळे उघडून म्हणाली, "मॅडम, घर हेच ना?"

"हेच गं बाई, हेच!" मला रडूच फुटलं. सुटले एकदाची!

"मग रडताय कशाला?" ती म्हणाली. "घरी आलेल्याला आधी पाणी देतात."