देसिरेचं पोट

माझा धाकटा भाऊ देसिरे आयुष्यात एकदाच शहाण्यासारखा वागला, आणि नेमका तेव्हाच मी आडवा आलो.

तीस वर्षं तो माझ्या बोटीवर खलाशी होता. नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी आमचा लॉबस्टरचा हंगाम सुरू होतो. त्या पहाटे धडधाकट माणूस काठावर दिसला तर गाव त्याला वर्षभर टोमणे मारतं. अशात हंगामाच्या काही महिने आधी देसिरेला हर्निया झाला. सर्जनबाईंनी आधीच दम भरला, "सिगारेट सोडा, वजन उतरवा, साखर ताब्यात आणा, मग ऑपरेशन करून पोटात जाळी बसवते. नाहीतर खोकून खोकून टाके उसवतील, जखम चिघळेल, आणि परत माझ्याच दारात याल."

मला वाटलं, याच्याने काय होणार! पण पठ्ठ्याने खरंच सिगारेट सोडली. रविवारी बटाटा-कोंबडीचं रापूर दुसऱ्यांदा वाढून घेईना, तेव्हा त्याची बायको लेओनी घाबरलीच. ऑक्टोबरात ऑपरेशन झालं, अगदी झकास. तीन महिने जड उचलायचं नाही, एवढंच पथ्य उरलं.

हंगामाच्या आधीच्या गुरुवारी लॉबस्टर पकडायचे पावणेचारशे सापळे माझ्या परसातून धक्क्यावर न्यायचे होते आणि माझा दुसरा खलाशी तापाने पडला. मी देसिरेला फोन केला.

"दादा, बाई जीव घेतील माझा."

"उचलू नकोस रे. ट्रकवर उभा राहून नुसते रचत जा. की लेओनीची परवानगी काढायची?"

लेओनी मासळीच्या कारखान्यात कामाला गेली होती. तो आला. रचायचं म्हणजे उचलायचंच, हे काय मला कळत नव्हतं? चाळीस किलोचा एकेक सापळा! दुपारी तो पोट धरून खाली बसला. "काही नाही दादा, उसण भरली," म्हणाला. मी त्याला पाणी दिलं आणि उरलेले सापळे एकट्याने चढवले.

फेब्रुवारीत हर्नियाची गाठ पुन्हा वर आली. या खेपेची पोटाच्या स्नायूतली भेग आधीहून मोठी होती. बाईंनी पुन्हा शिवलं, पण हमी दिली नाही. एकदा परत आलेला हर्निया पुन्हा येण्याची भीती जास्तच, असं त्या म्हणाल्या. त्याचं बोटीवरचं काम सुटलं ते कायमचं. सिगारेटला मात्र त्याने अजून हात लावलेला नाही. ते बघून मला जास्त लाज वाटते.

लेओनीला त्याने सांगितलंय की घरामागे सरपणाचे ओंडके उचलले. गेल्या रविवारी आम्ही तिघं जेवत होतो, तेव्हा तिचा पुन्हा भडका उडाला.

"चार लाकडांपायी वाटोळं करून घेतलंस! जरा दम निघाला नाही?"

"चुकलंच माझं," तो ताटात बघत म्हणाला.

ती माझ्याकडे वळली. "भावोजी, तुम्ही तिथे असतात तर अडवलं असतंत की नाही याला?"

"हो," मी म्हणालो.