कांदा निवडताना वाचलेली पुस्तकं

गंगापूर रोडवर आमचा एक वाचक गट आहे. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो, चहा होतो, पुस्तकांवर बोलणं होतं. मागच्या वेळी विषय होता, नव्या प्रकारच्या वाचनाकडे आपल्याला कोणत्या पुस्तकांनी नेलं. माझी पाळी आली तेव्हा मी खरं ते सांगितलं. मुखपृष्ठ फाटलेली एक रहस्यकथा, मग भुतांच्या गोष्टी, मग माणसं परग्रहावर जातात अशी एक कादंबरी. सगळी दहावीनंतरच्या एकाच उन्हाळ्यात, सटाण्याजवळच्या आमच्या खळ्यात वाचलेली. गटातल्या एक बाई, ज्यांच्याबद्दल मला आदर आहे, मायेने म्हणाल्या, "म्हणजे तेव्हा तुम्हाला चांगलं काही मिळालंच नाही, नाही का?"

मी हसून वेळ मारून नेली. राग घरी आल्यावर आला. तो त्या बाईंचा नव्हता, त्या कीव करण्याचा होता. म्हणून हे लिहिते आहे.

परीक्षा संपली होती, निकाल यायचा होता, आणि उन्हाळ कांदा निघाला होता. वडील ओझरकडे एका वर्कशॉपमध्ये कामाला, आठवड्यातून एकदा घरी येत. घरात शब्द चालायचा थोरल्या काकांचा. मला नाशिकला कॉलेजात जायचं होतं. आमच्या घरात तोवर कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. काका म्हणाले होते, निकाल बघू, पोरीचं लक्ष अभ्यासात आहे का तेही बघू. गोष्टीची पुस्तकं हातात दिसली तर समजायचं की लक्ष नाही, आणि मग इथेच कांदा निवडायचा. हे त्यांनी जेवताना, शांतपणे सांगितलं होतं.

दुपारी खळ्यात आई, मी आणि भावकीतल्या चार-पाच बायका कांद्याच्या ढिगाभोवती बसायचो. पात कापायची, गोल्टी म्हणजे बारका कांदा बाजूला टाकायचा, सडका वेगळा. तोंडं मोकळी असत. बोलून बोलून किती बोलणार? गावातल्या वाचनालयातून मी आणलेलं पुस्तक गोणीखाली होतं. एक दिवस आईनेच सांगितलं, काढ ते, वाच मोठ्याने.

मी आधी चांगलंच पुस्तक आणलं होतं. पुरस्कार मिळालेली, दुःखी घराची कादंबरी. बायकांनी दोन दुपारी ऐकली. तिसऱ्या दुपारी एक म्हातारी चुलत आजी म्हणाली की रडायला घरी जागा कमी आहे का, दुसरं बघ. ती कादंबरी मी पुढे कॉलेजात पुन्हा वाचली आणि मला फार आवडली. पण तेव्हा ती खळ्यात चालली नाही, आणि त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही.

दुसरं म्हणजे ती रहस्यकथा. एका वाड्यात दुधातून विष देऊन खून झालेला, सगळे पाहुणे संशयित. पहिल्याच दुपारी बायका दोन गटांत फुटल्या. अर्ध्या म्हणत दिवाणजी, अर्ध्या म्हणत धाकटी सून. नवी लग्न होऊन आलेली आमची एक वहिनी, जिचा आवाज आम्ही ऐकला नव्हता, ती एकदम म्हणाली की सुनेवर का सगळ्यांची बोटं, दूध तर डॉक्टरने आणून दिलं होतं. मी वाचायची थांबले की पुढे काय झालं म्हणून विचारणा व्हायची, "मंग काय व्हयनं?" या तीन शब्दांनी मला जे शिकवलं ते पुढे मराठीच्या पदवीत कुठल्या तासाला ऐकलं नाही: लिहिणारा माहिती कुठे लपवतो, कधी देतो, आणि आपण का वाट बघतो.

भुतांच्या गोष्टी आल्या तेव्हा विहिरीवर जायला सोबत लागू लागली, आणि त्यावरून एकमेकींची थट्टा आठवडाभर पुरली. परग्रहाच्या कादंबरीत काचेच्या घरात शेती करतात असं आलं, तर चुलत आजीने विचारलं, "तठे कांदा निवडाले बाया कोठून आनतस?" मी म्हटलं, तिथे यंत्र निवडतं. "मंग बाया काय करतस?" यावर सगळ्या हसल्या, आणि मग एकेक जण हातातल्या कांद्याकडे बघू लागली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की नसलेल्या जगाची गोष्ट कशासाठी लिहितात.

रहस्यकथा बायकांच्या आग्रहावरून मी दुसऱ्यांदा आणली, कारण पहिल्या वेळी शेवट वाचला त्या दुपारी दोघी आजारी होत्या आणि त्यांना शेवट कुणी सांगायचा नाही असं ठरलं होतं. शेवटची पानं चालू असताना काका आले. दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी ट्रॅक्टर भरायचा होता, म्हणून लवकर आले. त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं, उलटसुलट केलं आणि बगलेत धरलं. मला कळलं, नाशिक गेलं.

बायकांचे हात थांबले. कुणी ठरवलं नव्हतं. विळे मांडीवर ठेवून त्या बसून राहिल्या.

आमच्याकडे धाकटी भावजय थोरल्या दिराशी बोलत नाही. आईने लग्नापासून काकांना एक शब्द थेट बोललेला मी ऐकला नव्हता. ती पदर पुढे ओढून माझ्याकडे बघत म्हणाली, "तुना काकास्ले सांग, पुस्तक दी टाका. तुना वाटाना कांदा मी निवडस." काका दोन हातांच्या अंतरावरच उभे होते. मी नुसती त्यांच्याकडे मान वळवली. मग ती जरा मोठ्याने म्हणाली, "आनि सांग, पोर नाशिकले जाई."

काका ढिगाकडे बघत राहिले. मग तेही मलाच म्हणाले, "तुनी मायले सांग, ट्रॅक्टर सकायले भराना शे." पुस्तक त्यांनी गोणीवर ठेवलं. जायला हवं होतं, पण गेले नाहीत. ताडपत्रीची दोरी सोडून पुन्हा बांधत, पाठमोरे उभे राहिले. मी वाचलं. डॉक्टर पकडला गेला तेव्हा त्यांचे दोरी बांधणारे हात थांबले होते.

नाशिकला मला सोडायला आई आली. काकांनी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. आमच्या घरात त्याचा अर्थ एकच होतो.

आता गटाची पुढची बैठक माझ्या घरी आहे आणि पुस्तक निवडायची पाळीही माझी आहे. मी तीच रहस्यकथा निवडली आहे. त्या बाईंचा फोन आला होता, जरा वेगळं काही घेतलं तर, असं म्हणत होत्या. मी म्हटलं, नाही, हेच. शिवाय मोठ्याने वाचणार आहे. मग मोबाइलवर सगळ्यांना निरोप टाकला: पुस्तक कुणी आणू नका. मेथी, मटार, काय असेल ते निवडायला घेऊन या.