चुन्याच्या दोन रेघा

त्या बाई दर सोमवारी आमच्या ग्रामपंचायतीत यायच्या. आधी पदराने माझं टेबल पुसायच्या, मग त्यावर अर्ज ठेवायच्या. त्यांचं घर गोंदिया शहर संपतं तिथेच. दारासमोरची नाली तुंबली की घाण पाणी थेट अंगणात. मी तिथला लिपिक, माझं उत्तर ठरलेलं, "नाली नगर परिषदेची आहे." तिकडचा लिपिक सांगायचा, "वो तो पंचायत का एरिया है."

बाई कधी चिडल्या नाहीत. "बरं, सोमवारी येतो मंग," एवढंच म्हणायच्या.

एका सोमवारी त्यांनी आम्हा दोघांनाही दारात आणून उभं केलं. हातात चुन्याचं घमेलं होतं.

"भांडाले नाही आणलं तुमाले. हद्द समजून घ्याची आहे. आपापली आखा."

मी नालीच्या अलीकडे रेघ ओढली, त्याने पलीकडे. नाली दोघांनीही बरोबर टाळली होती.

बाईंनी दोन्ही रेघा शांतपणे पाहिल्या आणि कोपऱ्यातलं फावडं उचललं.

"म्हणजे हे नाली कोणाचीच नाही. मंग आजपासून माही. मी आता बुजवून राहिली. पाणी कोणाच्या हद्दीत शिरते, ते तुमी पाहा."

मातीचं पहिलं फावडं नालीत पडलंसुद्धा. आम्ही दोघांनी एकदमच फोन काढले.

दुपारी दोन्हीकडची माणसं नाली उपसत होती.

बाई अजूनही सोमवारी येतात, आता रस्त्यावरच्या दिव्यासाठी. टेबल मात्र त्या यायच्या आधी मीच पुसून ठेवतो.