सुमनचा चेंडू, माझी माती

काल कर्जतला अंगणातल्या लॉनचा एक तुकडा खणून दुसरीकडे लावला. मुळांना चिकटलेल्या ओल्या मातीचा वास आला आणि खालापूरजवळचं गोल्फचं मैदान आठवलं.

मी आणि धाकटी जाऊ सुमन तिथे एकदमच शिकायला लागलो होतो. रविवारच्या सामन्यासाठी सर आमच्यापैकी एकीलाच घेणार होते आणि ती जागा मला हवी होती. मोठ्या खेळाडूंच्या फटक्याला मातीसकट हिरवळ उडते, हे मी टीव्हीवर पाहिलं होतं. म्हणून मीही लोखंडी काठीने ती जोरात उडवत होते. सुमनच्या फटक्याला गवताचं पातंही तुटत नव्हतं, पण चेंडू सरळ झेंड्याकडे जात होता.

"ताई, तुमी खेळताय का विहीर खणताय?" ती पळसदरीची, तोंडाची फटकळ.

"सर, हिची हिरवळ निघतच नाही. असं चालतं?" मी विचारलं.

"चालतं की," सर म्हणाले. "आधी चेंडू लागला पाहिजे, मग हिरवळ निघो न निघो. तुमची चेंडूच्या आधीच निघतेय."

जागा सुमनला मिळाली. उपटलेली हिरवळ ज्याची त्याने परत बसवायची, असा तिथला नियम. ती सरांबरोबर पुढे गेली आणि मी मागे एकेक तुकडा पायाने दाबत राहिले.

आता माझा चेंडू बरा जातो. गुडघ्यांमुळे सुमनने खेळ कधीच सोडला. तरी तिला मी मैदानावर कधी बोलवत नाही. आली, तर सहज एक फटका मारून दाखवेल.